आलवणाखालचे केस

मोटारीच्या मागच्या पिंपात कोळसा नीट पेटेपर्यंत आम्हां तिघींना झाडाखाली ताटकळत उभं राहावं लागलं. लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि तो गॅस तयार व्हायला वेळ लागे. तेवढ्यात मेढ्याच्या बाजारातली निम्मी माणसं आम्हांला बघून गेली. आई ट्रंकेवर बसली होती, मान इतकी खाली की मला तिचा फक्त भांग दिसत होता. आत्या तिच्या शेजारी ताठ उभी. तिच्या डोक्यावर पदर होता, पण रोजच्यासारखा कपाळावर ओढलेला नव्हता. दोघींच्या मध्ये मी, नऊ वर्षांची, माझे चार बोटं वाढलेले तांबडे केस उन्हात सगळ्या गावाला दाखवत.

रस्त्याच्या पलीकडे अण्णा उभे होते. अण्णा म्हणजे माझे वडील. अंगात खाकी कोट, हातात छत्री. गड्याबरोबर ते घरापासून आमच्या मागे चालत आले होते, पण गड्याने सामान इकडे आणून टाकलं आणि ते तिकडेच थांबले. रस्ता काही मोठा नव्हता. एक बैलगाडी आली तर दुसरीला बाजूला व्हावं लागे, एवढाच. मला खात्री होती, मोटार सुटायच्या आत ते तो ओलांडतील. ड्रायव्हरने हँडल मारलं, मोटार थरथरली, कंडक्टर ओरडला, "चला, बसा आवं, बसा." आम्ही बसलो. अण्णांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मागच्या खिडकीतून मला तेवढंच दिसलं आणि मग धूर आला.

सुनंदा, परवा तुझा फोन आला तेव्हापासून मला हा धूर दिसतोय. तू दादाकाकांच्या नातवाची बायको, आपली भेट एका लग्नात झाली तेवढीच. तरी तू मला शोधून फोन केलास आणि दबक्या आवाजात विचारलंस, "वत्सूआत्या, तुमचे केस लहानपणी असेच होते म्हणतात. काय लावलं होतं हो तेव्हा? सासूबाई म्हणतात, जावळ काढलं की काळे येतील. नाही आले तर?" तुझी पोर तीन महिन्यांची. तिच्या जावळाला तू सारखं टोपडं घालून ठेवतेस, हेही तू सांगितलंस. तुझ्या आवाजातली भीती मी ओळखली. माझ्या आईच्या आवाजात ती मेढ्यात असेपर्यंत होती. फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. त्या घरातून जे पुण्याला गेले, अमेरिकेला गेले, त्यांनाही हे वाचू दे. घरात सांगतात ती गोष्ट मला ठाऊक आहे. म्हातारपणी अक्काचं, म्हणजे माझ्या आत्याचं, डोकं फिरलं आणि भावजयीला घेऊन ती सांगलीला निघून गेली, म्हणे. डोकं फिरलं होतं खरं, पण कुणाचं ते ऐक.

माझा जन्म साताऱ्याचा. अण्णा तिथे लष्कराच्या कँपात कारकून होते आणि आम्ही जवळच्या आळीत राहत होतो. त्यांच्या साहेबाची मडम आळीतल्या बायकांना हौसेने लोकर विणायला शिकवायची. आईही तीन-चार वेळा बंगल्यावर गेली. पुढे मी झाले ती चिंचेने घासलेल्या तांब्यासारखं डोकं घेऊन. अंगाने मी गोरी नव्हते, डोळे काळेभोर होते, पण डोक्याच्या खाली बघतंय कोण? कचेरीतले लोक अण्णांना म्हणायचे, साहेबाने बढती दिली की काय? अण्णा हसून घ्यायचे. ते हसून घेणं आईला मारल्यासारखं लागायचं, असं तिने मला खूप वर्षांनी सांगितलं. लढाई सुरू झाली, अण्णांची बदली लांब झाली, तिथे बायकामुलांची सोय नव्हती आणि आम्हांला मेढ्याजवळच्या घरी पाठवलं.

त्या घरात दादाकाकांचं राज्य. ते अण्णांचे थोरले भाऊ. ते, काकू, त्यांची मुलं आणि आत्या. आत्या या दोघा भावांची मोठी बहीण. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं, बाराव्या वर्षी नवरा गेला, सासरी केशवपन केलं आणि माहेरी आणून सोडलं. तेव्हा दादाकाका लहान होते आणि अण्णांचा तर जन्मही नव्हता. ज्यांनी तिचे केस पाहिले होते ते आईवडील केव्हाच गेले होते. घरातल्या साऱ्यांच्या आठवणीत आत्या होती ती आलवणातलीच. आलवण म्हणजे विधवांनी नेसायचं बिनकाठाचं तांबडं जाडंभरडं लुगडं. त्याचा रंग कच्चा. आत्याच्या कपाळावर, मानेवर, ती टेकून बसे त्या भिंतीवरसुद्धा तो उतरलेला असे. दर पंधरवड्याला गणू न्हावी मागच्या पडवीत येई आणि ती पाठ करून बसे. त्या वेळी पडवीत कुणी जायचं नाही असा दंडक होता.

मला त्या घरात पहिल्या दिवशीच कळलं की आपल्या डोक्यात काहीतरी चुकलंय. काकूने माझी वेणी हातात धरली, सोडली आणि पदराला हात पुसले. म्हणाली, "आमच्या घराण्यात असं कुणी नाही." हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं की मला ते पाढ्यासारखं पाठ झालं. शेजारणी आल्या की ते व्हायचं. पंगत बसली की व्हायचं. मला शेवटी वाढलं की आई मान खाली घालायची आणि दादाकाका, काही बोललोच नाही अशा चेहऱ्याने, ताक ओरपायचे.

शाळेतली पोरं बरी म्हणायची, कारण ती तोंडावर बोलायची. "ए तांबडे! तुजा बा कंच्या बंगल्यात हाय गं?" एकाने माझ्या वेणीवर दौत उपडी केली आणि मास्तर हसले. मास्तरांचं ते हसू मला आजही छळतं. शाई माझ्या मानेवरून परकरापर्यंत ओघळली. ती धुवायला मी ओढ्यावर गेले आणि शाई जाऊन तांबडे केस पुन्हा दिसायला लागले तसं मला रडू फुटलं. मला ती शाई राहायला हवी होती.

मग बेचाळीस साल आलं. साऱ्या जिल्ह्यात चळवळ पेटली. पोलिस येत होते, घरांवर छापे पडत होते, तरणी पोरं डोंगरात लपत होती. आमच्या गावात पहाटे प्रभातफेरी निघे आणि पोरं पुढे असत. मला त्या फेरीचं वेड लागलं होतं. मी काकूच्या नकळत एक जुनं पांढरं फडकं काठीला बांधलं आणि रांगेत जाऊन उभी राहिले. फेरी देवळापर्यंत गेली असेल. मागून एक मोठा मुलगा आला, त्याने मला दंडाला धरून बाहेर काढलं. "आदी हिला भाईर काडा रं. गोऱ्याची हाय ही." कुणीतरी माझ्याकडे तोंड करून ओरडलं, "चले जाव!" आणि सगळ्या पोरांनी ते उचललं. साऱ्या गल्लीत माझ्याभोवती "चले जाव, चले जाव" चाललं होतं. मी सात वर्षांची होते. मी खरंच जायला निघाले असते, पण कुठे जायचं हे मला माहीत नव्हतं. घरी आले तर काकू दारातच उभी. तिने सगळं ऐकलं होतं. म्हणाली, "लोकांची तोंडं कशी धरणार?"

आत्या त्या वेळी ताक घुसळत होती. रवी थांबवून ती हळूच म्हणाली, "माझे होते."

"काय होते?" काकूने विचारलं.

"केस. हिच्यासारखे."

 विधवेने केसांचं नाव काढणं म्हणजे स्वयंपाकघरात चपला घालून येण्यासारखंच होतं. दादाकाका ओसरीवरून आत आले आणि मोठ्याने हसले. "अक्का, बारा वर्षांची असताना गेलेले केस. आता पन्नाशीत रंग आठवतोय होय?" काकू म्हणाली, "वन्सं, डोक्याला आलवणाचा रंग लागतो तुमच्या. दर वेळी गणूच्या वाटीतलं पाणी बघतो ना आम्ही. तेच मनात बसलंय." झालं. आत्याने रवी हातात घेतली. खुंट वाढले की ते तांबूस दिसत होते, हे घरातल्या बायकांनी पाहिलेलं होतं. पण तांबडं आलवण आहे म्हणजे तांबडं डोकं होणारच, याच्या पलीकडे कुणाचं मन गेलं नाही. गणूसुद्धा तसंच समजत होता.

त्यानंतरच्या थंडीत निरोप आला की अण्णांना रजा मिळणार आहे. आणि त्याच निरोपातून हेही कळलं की दादाकाका त्यांच्यासाठी दुसरं स्थळ बघताहेत. तेव्हा दुसरी बायको करायला कुणी अडवत नसे. आई हे ऐकून ओरडली नाही, रडली नाही. तिने फक्त खाणं सोडल्यासारखं केलं. आणि मग एके दुपारी, घरात कुणी नाही असं बघून, तिने मला माळ्यावर नेलं आणि तिळाच्या तेलात बिब्बे कढवले. धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खूण करतात, ती जन्मात पुसली जात नाही. तिचा हिशेब एवढाच की कपड्यावर जे काळं टिकतं ते केसांवरही टिकेल. माझ्या केसांना बोटाने ते तेल चोपडताना ती पुटपुटत होती, "एवढे दिवस, सोने. ते येऊन बघून जाईपर्यंत. एवढंच."

बिब्बा उतला. माहीत असेल तुला, बिब्बा उतला की काय होतं. दुसऱ्या दिवशी माझे डोळे मिटले ते उघडेनात. कपाळ, कान, मान सगळीकडे फोड. टाळूतून पाणी वाहत होतं आणि केसांची जटा झाली होती. मी ओरडत होते आणि आई भिंतीवर डोकं आपटत होती. तिला कुणी धरत नव्हतं. आत्या आली. तिने सोवळं बाजूला ठेवलं, मला मांडीवर घेतलं आणि रात्रंदिवस माझ्या डोक्यावर खोबरेल तेल आणि ओल्या नारळाचा चव लावत राहिली. शेवटी केस काढावेच लागणार असं ठरलं आणि गणूला बोलावलं.

गणूने वस्तरा उघडला आणि मिटला. "आक्कासाब, आईबाप जित्ती असल्याल्या पोरीच्या डोस्क्याला वस्तरा? माज्यानं न्हाई हुयाचं."

"काढ," आत्या म्हणाली. "केस काय, परत येतात."

हे म्हणताना तिचा हात स्वतःच्या डोक्याकडे गेला. माझे डोळे तेव्हा थोडे किलकिले झाले होते, त्यामुळे मला ते दिसलं. गणू माझे केस काढत होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या खांद्यावर पडत होतं. त्या दिवशी पडवीत आम्ही दोघी बसलो, एक म्हातारी आणि एक पोर, दोघींची डोकी तुळतुळीत. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तोंडात पदर कोंबला आणि ती अशी रडली की मला माझं दुखणं विसरायला झालं.

पुढच्या पंधरवड्याला गणू आला. "आक्कासाब, बसा."

"मला बिब्बा उतलाय पोरीचा," आत्या म्हणाली. "वस्तरा नको."

पुढच्या वेळीही तेच झालं. त्याच्या पुढच्या वेळी गणू डोकं खाजवत म्हणाला, "आक्कासाब, येवडं दीस न्हाई उतत बिब्बा."

"मग नाही उतला म्हण."

गणूने पेटी उचलली आणि तो गेला. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला कळलं. दादाकाकांनी आकाशपाताळ एक केलं. केस राखलेल्या विधवेच्या हातचं पाणी देवाला चालत नाही, पितरांना चालत नाही. तिला स्वयंपाकघर बंद, देवघर बंद. तिचं ताट-वाटी गोठ्याशेजारच्या खोपटात गेलं. तीही गेली. आई तिच्या पाया पडली. "आमच्यासाठी हे करू नका हो. माझं व्हायचं ते होऊ दे." आत्या म्हणाली, "मला काय शोभेसाठी हवेत? दाखवायला हवेत. सांगून पटलं नाही, तर दाखवायला नको?" मग तिने आईकडे एक जुनं पांढरं पातळ मागितलं. आलवणाची घडी करून कोनाड्यात टाकली, म्हणजे रंगाची सबब उरायला नको.

अण्णांची रजा लांबत गेली. थंडी गेली, उन्हाळा गेला, पाऊस येऊन ओसरला. माझे केस उगवले, पुन्हा तांबडेच. खोपटात आत्याचेही उगवत होते. आम्ही दोघी अधूनमधून एकमेकींच्या डोक्यावरून हात फिरवत असू. तिचे मऊ होते. मधे मधे पांढरे होते, पण बाकीचे माझ्यासारखे, अगदी माझ्यासारखे. मला ते बघून नाचावंसं वाटायचं. वाटायचं, अण्णा येतील, बघतील आणि सगळं संपेल. मूल किती वेडं असतं बघ.

अण्णा आले आणि तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. उंब्रजच्या बाजूचे एक गृहस्थ आणि त्यांचा भाऊ. मुलगी त्यांचीच. बैठक सोप्यात बसली. चहा आणि पोहे आईनेच करायचे होते, कारण काकूला त्या दिवशी विटाळ होता, कशाला शिवायचं नव्हतं. आपल्या नवऱ्याचं दुसरं लग्न ठरवायला आलेल्या माणसांसाठी आई पोहे परतत होती. ते मी दारामागून बघत होते. अण्णा येऊन दोन दिवस झाले होते आणि ते तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. माझ्याकडे त्यांनी एकदा पाहिलं होतं, ओझरतं, दुसऱ्याच्या घरातल्या पोरीकडे बघावं तसं.

ते गृहस्थ म्हणाले, "आमचा तुमच्या घराण्यावर विश्वास आहे. पण ती मुलगी... लोक बोलतात."

दादाकाका म्हणाले, "तिची आणि तिच्या आईची सोय होईल बाहेर. तुम्ही शंका ठेवू नका. आमच्या घराण्यात असं कुणी नाही."

तेवढ्यात अंगणात आत्या आली. सकाळीच शिकेकाईने न्हालेली होती. तिने माझा हात धरला, मला दारामागून बाहेर ओढलं, अंगणाच्या मधोमध उन्हात तुळशीच्या ओट्यावर बसवलं, माझ्या शेजारी बसली आणि डोक्यावरचा पदर खाली टाकला. आमच्या दोघींचे केस सारख्याच लांबीचे होते.

"आहे," ती म्हणाली. "आपल्या घराण्यात आहे. मी आहे."

मी कुणाकडेही बघत नव्हते, फक्त अण्णांकडे बघत होते. त्यांनी आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा आत्याकडे. त्यांचं तोंड उघडलं. त्यांना पटलं होतं. आपल्या बापाचा चेहरा पोरीला कळतो, सुनंदा, त्यांना पटलं होतं. मी ओट्यावरून उठायच्या बेतात होते, धावत जायला. पण पाहुणे आधी उठले. लग्नाच्या बोलणीत विधवा बोडक्या डोक्याने समोर बसली, नव्हे, केस सोडून बसली, यापेक्षा वाईट शकुन कोणता? ते चपला शोधत होते आणि दादाकाका त्यांच्या मागे मागे हात जोडत जात होते. दादाकाका परत आले तेव्हा रागाने त्यांचा श्वास फुलला होता.

"हिने आत्ताच्या आत्ता न्हाव्यापुढे बसायचं, नाहीतर या घरात राहायचं नाही. आणि त्या दोघींनीही."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. ती अण्णांकडे बघत होती. आम्ही तिघीही त्यांच्याकडेच बघत होतो. आमच्या तिघींच्या जन्माचं काय ते त्यांच्या एका शब्दावर अडलं होतं. अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, "दादा म्हणतो तसं."

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीत बसलो. पुढचं तू वाचलंसच.

उंब्रजला मोटार गरम झाली म्हणून थांबली. खाली उतरलो. भुईमुगाच्या शेंगा विकणारी एक बाई पाटी घेऊन आली, आमच्याकडे बघितलं आणि हसली. "आवं आजी, तुमचीच हाय व्हय पोरगी? डोस्क्यावरनंच वळखू येतंया." तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. मेढ्यातल्या एकाही माणसाला जे बोलवलं नाही ते ती शेंगा मोजता मोजता बोलून गेली. आत्या म्हणाली, "व्हय. माझी भाची आहे. भावाची मुलगी." आणि मग उगाचच पुन्हा म्हणाली, "माझ्या सख्ख्या भावाची." आई इतक्या महिन्यांत रडली नव्हती. ती त्या मोटारीच्या चाकाशी बसून रडली. पोरगी कुणाची हे अख्ख्या जगाला दिसत होतं आणि आम्ही तरी रस्त्यावरच होतो.

सांगलीत आईच्या मामांनी थोडे दिवस ठेवून घेतलं. मग हळदीच्या बाजारामागे एक खोली मिळाली. एका जैन व्यापाऱ्याच्या वखारीत आई हळद निवडायला जाऊ लागली. आमच्यात कधी कुणी बाई मजुरीला गेली नव्हती. वखारीतल्या बायका पायापासून पापण्यांपर्यंत पिवळ्या झालेल्या असत. त्यांची मुकादमीण चंद्राक्का मला पहिल्यांदा बघून म्हणाली, "आमी समद्या रंगल्याली मानसं. तू तांबडी तर तांबडी, त्यात काय हाय गं?" तुला वाटेल, इथून सगळं छान झालं असेल. नाही झालं. सांगलीतही शाळा होती आणि शाळेत पोरं होती. मला बघायला आलेली चार स्थळं केस बघून परत गेली. हळदीची धूळ आईच्या छातीत बसली आणि ती पन्नाशी न बघताच खोकत खोकत गेली. जिवावर उदार होऊन आम्ही निघालो होतो ते काही मिळवायला नव्हे. आम्हांला जागाच उरली नव्हती म्हणून निघालो.

पण एक सांगते. पहिल्या महिन्यात आत्या बाजारातून एक लाकडी फणी घेऊन आली. बाराव्या वर्षानंतर तिने फणी हातात धरली नव्हती. ती घेऊन माझ्यासमोर बसली आणि लाजून म्हणाली, "वत्सू, वेणी कशी घालतात ते मी विसरले गं." मी तिला शिकवलं. तिच्या बोटांना ते जमेना, पेड सारखे सुटत, ती पुन्हा पुन्हा घाली. मेढ्याचं ते एवढं मोठं घर होतं, पण घर म्हटलं की मला ती खोली आठवते. हळदीचा वास, आईचा खोकला आणि पाठमोरी बसलेली आत्या.

लढाई संपल्यावर अण्णा एकदा आले. तोवर त्यांचं दुसरं लग्न झालं होतं. ते जेवायला बसले. आत्याच्या पाठीवरच्या छोट्याशा वेणीकडे बघत म्हणाले, "अक्का, मला त्याच दिवशी कळलं होतं."

आई वाढत होती. ती त्यांना कधी उलटून बोलली नव्हती. हातातलं भांडं खाली ठेवून म्हणाली, "कळलं होतं ना? मग रस्ता का नाही ओलांडलात?"

त्यांनी ताट सरकवलं. हात धुतले आणि गेले. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. मला त्यांचा राग येतो का, असं कुणी विचारलं तर सांगेन, येतो. अजून येतो. त्यांना खोटं वाटलं असतं तर मी माफ केलं असतं. खरं कळूनही ते पलीकडेच उभे राहिले.

आत्या गेली तेव्हा शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी सुचवलं की नेण्याआधी केस काढावे लागतील. मी दारात आडवी उभी राहिले. ती वेणी घालून गेली.

आता माझे केस पांढरेशुभ्र आहेत. भाजीवाला आजी म्हणतो, बसमध्ये पोरं उठून जागा देतात. माझ्या डोक्यावरून मला कुणी काही म्हणत नाही, कारण ते आता सगळ्यांसारखं आहे. याचं मला बरं वाटायला हवं. तसं वाटत नाही.

सुनंदा, पोरीच्या डोक्याला काही लावू नकोस. जावळ काढा, तुमची रीत आहे ती. ते परत तांबडंच येईल, तू घाबरू नकोस. टोपडं काढ. थंडी ओसरली की तिला घेऊन सांगलीला ये, ती लाकडी फणी मी तिच्यासाठी ठेवली आहे. घरात त्या बाईला सगळे अक्काच म्हणत आले. तिचा एक फोटो नाही. तिचं नाव यमुना होतं, हे आता फक्त मला ठाऊक आहे. गाडी उंब्रजला थांबेल. तिथे किंवा मेढ्याच्या घरात कुणी विचारलंच, ही कुणावर गेली, तर आमच्या घराण्यात असं कुणी नाही, असं म्हणू नकोस. यमुनेवर गेली, म्हण.